नलूवहिनीचा खुबा

अस्थी गोळा करून दीपक आणि शामराव परत आले, तेव्हा मी गॅलरीत कठड्याला टेकून उभी होते. अस्थींचं मडकं घरात आणायचं नसतं, म्हणून आमच्या चाळीत ते खाली बदामाच्या झाडाला टांगतात. माझे सासू-सासरे, माझे यजमान, सगळे त्या एकाच फांदीवरून पुढे गेले. इतक्या वर्षांत फांदीला दोरीचा वळ पडला आहे. दीपकने आपल्या आईचं मडकं त्याच वळावर बांधलं.

रघुवीरभाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. चौऱ्याऐंशीचे आहेत. गिरणीत साचेखात्यात फिटर होते. माग बिघडला की बोलावणं त्यांनाच यायचं. दीपकची आई नलूवहिनी माझी जाऊ; तिला पोचवून आल्यापासून ते खाटेवरून उठले नव्हते. स्मशानात पुन्हा यायला नको म्हणाले होते. पण मडकं आल्याचं कळल्यावर ते उठले आणि तीन मजले उतरायला लागले. मी त्यांच्या मागे मागे गेले. झाडाखाली जाऊन त्यांनी मडक्याच्या बुडाला तळवा लावला, जरासं वर उचलून पाहिलं आणि हात काढून घेतला.

"हलकं लागतंय," ते म्हणाले.

शामराव त्यांचे चुलतभाऊ. घरात लग्न असो नाहीतर मर्तिक, काय करायचं आणि काय नाही ते शामराव सांगतात. ते म्हणाले, वहिनी शेवटी राहिली होतीच किती, चिमणीएवढी झाली होती. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी दीपकला विचारलं, "तिचा खुबा कुठाय?"

शामरावांनीच सांगितलं. राख चाळताना तिथल्या माणसाने धातूची एक दांडी काढून दाखवली होती. पण ती काही अस्थी नव्हे, म्हणून नको सांगितलं. तो म्हणाला ठीक, आणि बाजूला ठेवून दिली. तिथे असं रोजच होतं.

मी भाऊजींच्या तोंडाकडे पाहत राहिले. 'खुबा' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. अकरा वर्षं ते त्याला 'ते लोखंड' म्हणत आले होते.

ते लोखंड घरात आलं तेव्हाचं सगळं मला आठवतं. नलूवहिनीचा उजवा खुबा झिजला होता. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर बसायची आणि बसल्या बसल्या तिथल्या बिऱ्हाडांची ख्यालीखुशाली विचारायची, म्हणजे दुखतंय म्हणून बसली असं कुणाला वाटू नये. पुढे पुढे तीही ताकद राहिली नाही. वर्षभर ती चाळीच्या खाली उतरली नाही. परळच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, बदलून टाकू. भाऊजींना ते पटेना. सगळा जन्म यंत्रांत काढलेला माणूस, पण त्यांचं म्हणणं असं की यंत्राने यंत्राच्या जागी राहावं. देवाने केलेल्या कुडीत माणसाने केलेलं लोखंड घालणं म्हणजे निसर्गाच्या कामात नाक खुपसणं.

"मग तुमच्या कवळीचा काय?" वहिनी म्हणाली. चिडली की ती मालवणीवर यायची.

"कवळी रात्री काढून ठेवता येते."

"मी पण काढून ठेवीन. सकाळी उठलात की लावून द्या."

आम्ही सगळे हसलो. भाऊजी हसले नाहीत, पण ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळात सगळ्यांच्या आधी तेच जाऊन बसले होते.

घरी आणल्यावर वहिनी महिनाभर गॅलरीजवळच्या खाटेवर होती. मी शेजारच्याच खोलीत राहते, त्यामुळे दिवसभर तिच्यापाशीच असायची. ते दिवस कावळ्यांनी घरटी बांधण्याचे होते. आमच्या बदामावर एक जोडपं रोज खेपा घालत होतं आणि काडी म्हणून काही आणत नव्हतं. समोर टॉवरचं काम चाललं होतं, तिथून बांधायच्या तारेचे तुकडे आणायचे. कुणाच्या तरी गॅलरीतला कपडे वाळत घालायचा हँगरही त्यांनी आणला. दीपकची मुलगी मनवा तेव्हा शाळेत होती. वडाळ्याहून शनिवारी-रविवारी यायची आणि आजीच्या पायथ्याशी बसून हे बघत राहायची. भाऊजींनी तिला सांगितलं, बघ, माणसाने झाडं तोडली म्हणून बिचाऱ्यांवर ही वेळ आली. मनवा म्हणाली, पण आजोबा, ते बिचारे दिसत नाहीयेत. आणि खरंच दिसत नव्हते. तार चोचीत धरून तिला कुठे वाक द्यायचा हे त्यांना बरोबर कळत होतं. जूनच्या वाऱ्यात काड्यांची घरटी खाली आली, हे टिकलं.

वहिनी म्हणाली, "माझ्यासारखंच की. तारेवर उभं राहिलंय."

त्यानंतर ती चालायला लागली. आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय. लालबागच्या मार्केटात जायची, मसाल्याच्या गल्लीत तासभर शिंकत मिरच्या निवडायची, दादरला फुलं आणायला जायची. चालताना तिच्या पायातून अगदी बारीक आवाज यायचा, बांगडी बांगडीला लागावी तसा. डॉक्टर म्हणाले, असू दे. मला तो फक्त गॅलरी शांत असली तरच ऐकू यायचा. भाऊजींना कायम ऐकू यायचा. दारात पेपर वाचत बसलेले असले आणि ती जिन्याने येत असली की दुसऱ्या मजल्यावरच ते पेपराची घडी करायचे. रात्री तिच्या पायाला खोबरेल लावून द्यायचे. तेलाने आतल्या धातूला काही होत नाही, हे फिटरला सांगायची गरज नव्हती. तरी लावायचे. "लोखंड म्हटलं की तेल पाहिजे," असं पुटपुटत लावायचे.

हे सगळं माहीत असल्यामुळे झाडाखाली उभं राहून त्यांनी तो प्रश्न विचारला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. वाईट वाटलं ते दीपकचं. त्याने ती दांडी पाहिली होती, ओळखलीही होती. नंतर त्याने मला सांगितलं की काकी, त्या वेळी मला वाटलं, ते घेतलं तर आई म्हणजे एक वस्तू होईल.

आम्ही वर आलो. भाऊजी खाटेवर बसले आणि म्हणाले, खुबा येईपर्यंत अस्थी हलणार नाहीत.

शामरावांना राग आला नाही, पण ते आपल्या मतावर ठाम होते. देह पाच तत्त्वांचा असतो आणि त्यांच्यात परत जातो. अस्थी पाण्यात सोडायच्या त्या त्यासाठी. कारखान्यात ओतलेली वस्तू पाण्यात टाकून काय साधणार? ती तर तिथेच पडून राहणार, आणि वहिनीचा जीव तिच्यात अडकून राहील. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. वहिनीचा त्यांच्यावर लोभ होता, आणि तिचं सगळं नीट व्हावं एवढंच त्यांना हवं होतं.

मनवा आता माटुंग्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. आजी गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. ती म्हणाली, गोगलगाय आपल्या अंगातून शंख करते त्याला आपण निसर्ग म्हणतो. मधमाशी पोळं करते, तोही निसर्ग. मग माणूस याच मातीतून आलेला, त्याचं डोकं यातूनच वाढलेलं, त्याने जमिनीतला धातू काढून आजीला खुबा केला तर तो निसर्गाच्या बाहेर कसा गेला?

भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, त्यांच्या बाजूने कुणी बोलतंय म्हणून ते खूश होतील. पण ते म्हणाले, "गोगलगायीने कुणाची गिरणी बंद पाडली नाही."

गिरणी बंद पडली त्यानंतर भाऊजींनी वॉचमनची नोकरी केली, तीसुद्धा त्याच गिरणीच्या दारावर. आतले माग भंगारात निघाले तेव्हा ट्रकसाठी फाटक त्यांनीच उघडलं होतं. ते सगळं निसर्गानेच केलं असं त्यांना कुणी सांगितलं, तर ते का मान्य करतील? माणूस करतो त्याचा जाब माणसालाच विचारता आला पाहिजे.

पण माझं स्वतःचं मन दुसरीकडे गेलं. मी लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गावाला कोंबडा आरवला की आम्ही उठायचो. इथे पहाटे भोंगा व्हायचा. पहिला महिना मी दचकून उठायची, मग दचकणं गेलं आणि पुढे भोंगा व्हायच्या आधीच जाग यायला लागली. सुट्टीच्या दिवशी भोंगा नसला की दिवस उगवलाच नाही असं वाटायचं. संध्याकाळी यजमान घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. मी ते गावाकडे सड्यावरच्या गवतातून आलेल्या माणसाच्या अंगावरची कुसळं झटकावीत तसे झटकायची. मला ते दोन्ही वेगळं कधी वाटलं नाही. आता भोंगा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी पहाटे त्याच वेळेला उठते. हे मी तिथे बोलले नाही. बोलायचं ते भाऊजींनी बोलायचं होतं.

ते म्हणाले, "पाच तत्त्वं तुमच्याजवळ ठेवा. ती अकरा वर्षं चालली ती कशावर चालली? शेवंती, तू चल माझ्याबरोबर. तू त्याचा फोटो बघितलायस."

फोटो म्हणजे एक्स-रे. दर वर्षी तपासायला मीच वहिनीबरोबर जायची, आणि घरी आल्यावर ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून आम्ही दोघी बघायचो. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. शामरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग पायात चप्पल घातली आणि तेही निघाले.

दीपकने टॅक्सी केली. स्मशानातल्या माणसाने दीपक-शामरावांना ओळखलं. घरचे कधी कधी परत येतात, असं तो म्हणाला, आणि आतून पत्र्याचा एक डबा घेऊन आला. डब्यात काय काय होतं. पट्ट्या, स्क्रू, मांडीच्या हाडात घालायची सळई, गुडघ्याच्या वाट्या. सगळं काळवंडलेलं. त्याने एक वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ते ओतलं. मला वाटलं होतं भीती वाटेल. तसं झालं नाही. परळ-लालबागच्या म्हाताऱ्यांची मांडलेली हत्यारं असावीत तसं ते दिसत होतं.

त्यांत खुबे दोन होते. दोन्ही एकसारखे: वीतभर दांडी, वर तिरका गोळा. मी दोन्ही निरखून पाहिले. फिल्मवर वहिनीचा खुबा कसा पांढरा चमकायचा ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं, पण हे दोन्ही तसेच होते. दोन्ही एकाच साच्यातले. मी भाऊजींना म्हटलं, मला सांगता येत नाही.

त्यांनी एक उचलला, गोळ्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला, तसाच अंगठा फिरवला. बराच वेळ हेच चाललं होतं. आयुष्यभर बिघडलेला भाग हाताने ओळखणारा माणूस. मी वाट बघत होते की आता ते म्हणतील, हा.

"नाही कळत," ते म्हणाले.

दीपकने तोंड फिरवलं. शामराव हलक्या आवाजात म्हणाले, "रघूदादा, जाऊ दे आता. चुकून दुसऱ्या कुणाचा नेलास तर?"

भाऊजींनी त्या माणसाला दुसरा कुणाचा म्हणून विचारलं. तो म्हणाला, त्याच दिवशी नायगावकडच्या एका म्हाताऱ्या बाईला आणलं होतं, तिचा. तिच्या घरच्यांनाही दाखवला होता, तेही नको म्हणाले. काही दिवसांनी डबा भरला की हे सगळं वितळवायला जातं.

भाऊजींनी दोन्ही हातांत एकेक खुबा घेतला. मग म्हणाले, "दोन्ही द्या."

शामराव म्हणाले, "अरे, पण ती बाई आपली कोण?"

"कुणाची तरी असेलच ना. आणि राखेतली हाडं तुम्ही ओळखून उचललीत काय?"

खिशातून स्वतःचा पांढरा रुमाल काढून शामरावांनी भाऊजींच्या पुढे धरला. भाऊजींनी दोन्ही खुबे त्यात गुंडाळले.

अस्थी कुठे सोडायच्या यावरही थोडं बोलणं झालं. दादरला समुद्र जवळ, पण भाऊजी म्हणाले, तिथे ओहोटी लागली की टाकलेलं सगळं वाळूवर परत येतं. नलूवहिनी नवी नवरी म्हणून बोटीने मुंबईत आली ती भाऊच्या धक्क्यावर उतरली होती. आम्ही भाऊच्या धक्क्यावर गेलो. दीपकच्या हातात मडकं, भाऊजींच्या मांडीवर रुमाल, मनवाच्या पिशवीत फुलं. शामरावही होतेच.

लाँचला अवकाश होता. ओहोटी लागली होती आणि धक्क्याचे खांब उघडे पडले होते. खाली चिखलात एक कोळीण वाकून कालवांचे शिंपले फोडत होती. खांबांवर, लोखंडी साखळ्यांवर, दगडांवर, जिथे हात लावावा तिथे कालवं चिकटलेली होती. साखळीच्या कड्या तर दिसतच नव्हत्या. आमच्या गावच्या खाडीत खडकावर असतात तशीच. भाऊजी कठड्यावरून वाकून ते बघत होते. मग त्यांनी वरूनच तिला विचारलं, दगडावरची आणि लोखंडावरची, चवीत फरक लागतो काय?

तिने मान वर करून पाहिलं. "तुम्ही विकत घेणार काय?"

"नाही. नुसतं विचारतोय."

"नुसतं विचारायला फरक लागतो. शिजल्यावर नाय लागत," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

मनवा हसली. भाऊजींनाही थोडं हसू आलं, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच. लाँच सुटली. मधल्या पाण्यात गेल्यावर दीपकने तांडेलला सांगितलं, त्याने इंजिन बंद केलं. त्याला सवय होती. टोपी काढून तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

शामरावांनी मंत्र म्हटले. दीपकने मडकं पाण्यात सोडलं. ते जरा तरंगलं, एका बाजूला कललं आणि गेलं. फुलं मागे राहिली.

मग भाऊजींनी रुमाल उघडला. शर्टाच्या खिशातून खोबरेलाची छोटी बाटली काढली. ती त्यांनी केव्हा घेतली होती मला माहीत नाही. तळव्यावर तेल घेऊन त्यांनी पहिल्या खुब्याला लावलं, दांडीला आणि गोळ्याला, घाई न करता. मग पुन्हा तेल घेतलं आणि दुसऱ्याला लावलं, तितकंच. काळवंडलेला धातू तेलाने जरा उजळला. दीपक बापाकडे बघत होता. त्याने हात पुढे केला आणि भाऊजींनी एक खुबा त्याच्या हातात दिला. दोघांनी एकदमच सोडले. धातूच तो, क्षणभरही तरंगला नाही. पाण्यावर तेलाचा एक डाग राहिला, फुलांच्या बाजूला.

"सोबत झाली तिला," भाऊजी म्हणाले. "गप्पा मारायला कुणीतरी पाहिजेच असायचं."

इंजिन पुन्हा सुरू झालं. मनवा त्यांच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, आजोबा, थोड्या दिवसांत त्यांच्यावरही कालवं बसतील. भाऊजी म्हणाले, बसतील. मग म्हणाले, "तुझं म्हणणं मला अर्धंच पटलंय."

"आणि उरलेलं अर्धं?"

"ते घेऊन मी जाणार."

तिने वाद घातला नाही. त्यांचा तेलकट हात तिने आपल्या ओढणीला पुसला. ते नको नको म्हणत होते, पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

धक्का जवळ आला तेव्हा भाऊजी माझ्याकडे वळले. म्हणाले, "गो शेवंती, तुझ्या डोळ्यांत ती भिंगं बसवलीत ना?"

"दोन्ही डोळ्यांत. मोतीबिंदूची."

"ती जळतात की उरतात?"

"मला काय माहीत? मी कुठे जळून बघितलंय?"

"उरत असली तर दीपकला आत्ताच सांगून ठेव. नाहीतर हा शामराव तिथेच टाकून यायचा."

शामराव आपला रुमाल समुद्राच्या पाण्यात बुडवून पिळत होते. तेलाचे डाग निघत नव्हते. ते म्हणाले, "सांगून ठेवा वहिनी. मी विचारीन त्या माणसाला."